बायकांना चांगलं वागवणारा देश कुठला, हे ठरवायचं कशावरून?

निंबोणी
माझ्या भाचीला पुढच्या शिक्षणासाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक स्वीडनला, एक जपानला. विषय तोच, शिष्यवृत्ती जवळपास सारखी. परवा फोनवर तिने विचारलं, "मावशी, बाई म्हणून राहायला यातला बरा देश कुठला गं?" मी म्हटलं, बघून सांगते. तीन रात्री वाचत बसले आणि आता आधीपेक्षा जास्त गोंधळलेय.

वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमची स्त्री-पुरुष समानतेची यादी बघितली. २००९ पासून दरवर्षी आइसलंड पहिला. २०२४ च्या यादीत १४६ देश आहेत. त्यात स्वीडन ५ वा, जपान ११८ वा, भारत १२९ वा. म्हटलं, मिटलं. पण त्याच यादीत स्वीडनच्या पाठोपाठ ६ वा नंबर निकाराग्वाचा आहे. तिथे २००६ पासून गर्भपातावर सरसकट बंदी आहे, आईचा जीव धोक्यात असला तरीसुद्धा! हे वाचल्यावर त्या यादीवरचा विश्वासच उडाला.

मग युरोपियन युनियनचं २०१४ साली प्रसिद्ध झालेलं सर्वेक्षण सापडलं. २८ देशांतल्या ४२,००० बायकांशी बोलून केलेलं. वयाच्या पंधराव्या वर्षानंतर शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागली का, हा प्रश्न. डेन्मार्कमध्ये ५२ टक्के बायका हो म्हणाल्या, फिनलंडमध्ये ४७, स्वीडनमध्ये ४६. आणि पोलंडमध्ये १९! म्हणजे याद्यांमध्ये वर असलेल्या देशांतच मारहाण जास्त?

इथे बऱ्याच जणी (आणि जण) वेगवेगळ्या देशांत राहिलेल्या आहेत. तुम्ही हे कशावरून ठरवाल? आकडे आहेत तसे अनुभवही हवेत.

दगडफूल
निंबोणी, ती यादी "बायकांना कसं वागवतात" हे मोजतच नाही, तिथेच घोटाळा होतो. ती मोजते पुरुष आणि बाई यांच्यातली दरी. एखाद्या देशात शंभरातले चाळीस मुलगे शाळेत जातात आणि शंभरातल्या चाळीसच मुली जातात, तर त्या रकान्यात देशाला पूर्ण गुण. साठ मुली घरी बसल्यात याची तिथे नोंद नाही. रकाने चार: कमाई, शिक्षण, आरोग्य, राजकारण. शेवटच्यात खासदार-मंत्री मोजतात. निकाराग्वाच्या संसदेत आणि मंत्रिमंडळात बायका भरपूर, म्हणून तो वर. घरात मार खावा लागतो का, गर्भपाताचा निर्णय कुणाचा, याला त्यात जागा नाही.

२०२२ च्या यादीत रवांडा ६ वा होता आणि अमेरिका २७ वी. रवांडाला मात्र मी मनापासून मान देतो. १९९४ च्या नरसंहारात पुरुष मोठ्या संख्येने मारले गेले, तुरुंगात गेले, पळून गेले. घरं, शेतं, गावं बायकांनी उभी केली. १९९९ साली मुलींना वारसाहक्काचा कायदा झाला. २००३ च्या राज्यघटनेत निर्णयाच्या जागांवर किमान ३० टक्के बायका हव्यात असं घातलं आणि २०१३ च्या निवडणुकीत ८० पैकी ५१ जागांवर बायका आल्या. पण म्हणून रवांडातल्या बाईचा दिवस अमेरिकेतल्या बाईपेक्षा सोपा आहे, असं त्यातून निघत नाही.

जागतिक बँकेचा २०२४ चा अहवाल फक्त कायदे बघतो. पगार, लग्न, मालमत्ता, सुरक्षितता, पाळणाघरं असं सगळं धरलं तर जगभरात बायकांना पुरुषांच्या सरासरी ६४ टक्केच कायदेशीर हक्क आहेत आणि पूर्ण समान हक्क देणारा एकही देश नाही. श्रीमंत देशसुद्धा त्यात आले.

कवडसा
वाचतेय. रुमाल टाकून ठेवते, उद्या सविस्तर लिहीन.

आजोबा७१
या विषयावर आपल्या देशाला झोडपायची घाई होते, म्हणून एक गोष्ट आधीच नोंदवतो. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मताचा हक्क १९७१ साली मिळाला. १९५९ मध्ये तिथल्या पुरुषांनी मतदान करून तो नाकारला होता, दोन तृतीयांश मतांनी. आपेन्झेल इनरऱ्होडन नावाच्या त्यांच्या एका कँटनने (म्हणजे प्रांताने) तर १९९० पर्यंत स्थानिक मतदानात बायकांना येऊ दिलं नाही, शेवटी न्यायालयाने भाग पाडलं. आपण १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत प्रत्येक बाईला मत दिलं. गरीब, निरक्षर, कसलाही फरक न करता. त्याचा मला अभिमान आहे.

पाऊलवाट
काका, अभिमान मलाही आहे, पण त्याच निवडणुकीतली दुसरी बाजूही सांगते. मतदारयाद्या करायला माणसं दारोदार गेली तेव्हा लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. "अमक्याची आई", "तमक्याची बायको" एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली की नाव स्वतःचंच हवं. शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली.

मला यात सेन यांचं बरोबर वाटतं. नातं लिहून घेतलं असतं तर त्या वर्षी तेवढी मतं वाढली असती आणि बाई कायमची कुणाची तरी आई म्हणूनच यादीत राहिली असती. पण विचार करा, कायद्याने हातात मत दिलं होतं आणि ते घ्यायला स्वतःचं नाव उच्चारायची मुभा घरातून नव्हती. देशादेशांची तुलना करताना माझी नजर आधी या अंतराकडे जाते.

आजोबा७१
पाऊलवाट, हे मला ठाऊक नव्हतं. २८ लाख! बरं झालं सांगितलंत.

रात्रपाळी
मी नर्स. २००९ ते २०१९ सौदी अरेबियात होते. माझा अनुभव कुठल्याच बाजूला नीट बसत नाही, तरी लिहिते.

पगार वेळेवर मिळायचा. रस्त्यात कुणी धक्का मारून गेला, शिटी मारली, असं दहा वर्षांत एकदाही झालं नाही. पण मी रस्त्यात असायचे तरी कधी? वसतिगृहातून बसमध्ये, बसमधून रुग्णालयात. बाहेर जायचं तर वहीत नाव, वेळ, परतीची वेळ.

एक प्रसंग मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. आमच्या विभागात एक तिथलीच डॉक्टर होती, पंचेचाळिशीची, नवरा गेलेला. तिच्या हाताखाली आम्ही वीस जणी. साल २०१६ असेल. तिला परदेशी परिषदेला जायचं होतं आणि त्यासाठी तेव्हा बाईला घरच्या पुरुष पालकाची परवानगी लागायची. नवरा नाही म्हणजे तिचा पालक कोण, तर तिचा मुलगा. कॉलेजात शिकणारा, मिसरूड फुटलेला पोरगा. तिने माझ्यासमोर त्याला फोन लावला. तो वर्गात होता. ती त्याला म्हणाली, "राजा, तेवढं बटण दाब ना, आज शेवटचा दिवस आहे." त्याने मोबाइलवर परवानगी दिली. ती हसली, फोन ठेवला आणि पाच मिनिटांत शस्त्रक्रियेला उभी राहिली. मुलगा गुणी होता, आईवर त्याचा जीव होता. पण नसता तर?

पुढे बदललं, तेही माझ्या डोळ्यांदेखत. २४ जून २०१८ ला बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली आणि २०१९ च्या ऑगस्टपासून २१ वर्षांवरच्या बाईला पालकाला न विचारता पासपोर्ट काढता येऊ लागला, प्रवास करता येऊ लागला. त्या रात्री आमच्या विभागात बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. पण ज्यांनी यासाठी आवाज उठवला होता, लुजैन अल-हथलूल आणि इतर, त्यांना परवानगीच्या महिनाभर आधीच, मे २०१८ मध्ये अटक झाली होती. लुजैन २०२१ मध्ये सुटली. दिलं तर आम्ही देऊ, मागायचं नाही, असा त्याचा अर्थ मी लावते.

सह्यकडा
रात्रपाळी यांच्याशी थोडा असहमत. मला दोन मुली आहेत. मुलगी रात्री सुखरूप घरी आली पाहिजे, हे बाप म्हणून माझं पहिलं माप. बाकीचं स्वातंत्र्य त्यानंतर. जो देश तेवढं देतो तो चांगला.

पाऊलवाट
सह्यकडा, काळजी समजते. पण मुलीला घराबाहेरच पडू दिलं नाही तर ती शंभर टक्के सुखरूप. तुम्हाला ते नक्कीच नकोय. आणि बाईला मारहाण होते ती बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाकडून, घराच्या आत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या फेरीत, आपल्याकडच्या १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलंय. रात्रीच्या रस्त्याची भीती खरी आहे, पण तिच्यावरच सगळी नजर ठेवली तर घरातलं सुटून जातं.

सह्यकडा
हम्म. २९ टक्के म्हणजे दर तीन-चार घरांमागे एक. आमच्या इमारतीत बारा घरं आहेत.

मोरपिसारा
आता माझी गोष्ट. अमेरिका.

२००८ साली लग्न होऊन गेले. दोन पदव्या, चार वर्षांची नोकरी मागे टाकून. एच-४ व्हिसा, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर लटकलेला. काम करायची परवानगी नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नाही. पहिल्या महिन्यात घराजवळच्या ग्रंथालयात कार्ड काढायला गेले. टेबलावरची बाई अतिशय गोड होती. म्हणाली, पत्त्याचा काहीतरी पुरावा द्या, विजेचं बिल चालेल. घरी येऊन सगळी बिलं काढली. वीज, फोन, घरभाडं, बँक. एकावरही माझं नाव नव्हतं. मी त्या घरात राहते, याचा एक कागद जगात नव्हता.

नवरा भला. दुसऱ्या दिवशी फोन करून त्याने विजेच्या खात्यात माझं नाव घातलं. ते पहिलं बिल मी अजून जपून ठेवलंय.

खालच्या मजल्यावर माझ्यासारखीच एक होती. तिचा नवरा भला नव्हता. तिने एकदा वकिलाला विचारलं, मी याला सोडलं तर? उत्तर असं की घटस्फोट झाला की तिचा व्हिसाही संपतो. मुलगी तिथे जन्मलेली, म्हणजे नागरिक. ही नाही. दोन वर्षं ती त्या घरात राहिली. एका रात्री तिने पोलिसांना बोलावलं तेव्हा मात्र ते सात-आठ मिनिटांत आले, आधी तिला बाजूला घेऊन एकटीशी बोलले, आणि त्याच रात्री मायलेकींना निवाऱ्यात नेलं. तिथे एकीनेही तिला "थोडं सांभाळून घे" असं म्हटलं नाही. त्याच देशाच्या कायद्याने तिला अडकवलं होतं आणि त्याच देशाच्या पोलिसांनी सोडवलं. आता सांगा, या देशाला गुण किती द्यायचे?

२०१५ मध्ये नियम बदलला आणि ग्रीन कार्डाच्या रांगेतल्यांच्या जोडीदारांपैकी काहींना काम करता येऊ लागलं. मलाही मिळालं. मग बाळंतपण. अमेरिकेत देशपातळीवर पगारी बाळंतपणाची रजाच नाही! १९९३ चा कायदा बारा आठवडे देतो, तेही बिनपगारी आणि सगळ्यांना नाही. मी सातव्या आठवड्यात कामावर हजर. सामानाच्या खोलीत, कागदांच्या खोक्यांवर बसून दूध काढायचे, दाराला पाठ टेकवून, कारण आतून कडी नव्हती. भारतात २०१७ पासून कायद्याने २६ आठवडे पगारी रजा आहे. अर्थात ती पक्क्या नोकरीतल्यांना, आणि तशा नोकऱ्या किती जणींना आहेत हा पुढचा प्रश्न.

निंबोणी, तुमच्या भाचीसाठी माझं माप एकच. त्या देशात तिला काय काय करायला कुणाला तरी विचारावं लागतं, याची यादी करा. घर घ्यायला, खातं उघडायला, नोकरी बदलायला, डॉक्टरकडे जायला, आणि नको झालेल्या माणसाला सोडून जायला. हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा. सोडून जाता येतं का, आणि गेल्यावर छप्पर मिळतं का.

कवडसा
मोरपिसारा, विजेच्या बिलाचं वाचून गलबलून आलं. काल सविस्तर लिहीन म्हटलं होतं, पण माझं सगळं तुमच्या शेवटच्या परिच्छेदात आलं.

दगडफूल
"विचारावं लागतं का" हे माप युरोपला लावून बघा, चकित व्हाल. फ्रान्समध्ये लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी करायचा आणि बँकेत खातं उघडायचा हक्क १९६५ साली मिळाला. स्पेनमध्ये नवऱ्याच्या परवानगीची अट १९७५ पर्यंत होती. पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत कायदा म्हणायचा की घरची कर्तव्यं सांभाळून जमत असेल तरच बायकोने नोकरी करावी. आयर्लंडमध्ये १९७३ पर्यंत सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं की नोकरी सोडायची, हा नियमच होता.

हे आपल्या आया-मावशांच्या काळातलं आहे. "त्यांची संस्कृतीच वेगळी" असं आपण सहज म्हणून जातो, पण तिथल्या बायकांनी एकेक कलम भांडून काढलंय.

उत्तरवारा
स्वीडनमध्ये बारा वर्षं झाली. निंबोणीताई, तुमच्या ४६ टक्क्यांबद्दल आधी.

थोडा भाग मोजण्याचा आहे. पोलिसांकडच्या आकड्यांचंच बघा. एका बाईवर एकाच माणसाने वर्षभर अत्याचार केले तर इथे ती अनेक गुन्ह्यांची नोंद होते, बऱ्याच देशांत एक. २०१८ पासून कायदा असा की संमती नसेल तर तो बलात्कार, जबरदस्ती किंवा धमकी सिद्ध करायची गरज नाही. व्याख्या रुंद केली की आकडा वाढणार. सर्वेक्षणातही, जिथे बायकांना आपल्यावर झालं ते "हिंसा" म्हणून ओळखता येतं आणि बोलायची लाज वाटत नाही, तिथे हो म्हणणाऱ्या जास्त.

पण सगळं एवढ्याने सुटत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. इतकी समानता असूनही घरातली हिंसा का टिकून आहे, यावर इथले अभ्यासक खूप लिहितात. त्याला "नॉर्डिक विरोधाभास" असं नावच पडलंय. माझ्या ओळखीच्या एका स्वीडिश बाईला तिचा जोडीदार मारायचा. शिकलेली, कमावती, घर तिच्या नावावर. ती म्हणाली, आमच्याकडे असं होत नाही असंच सगळे मानतात, म्हणून सांगायची जास्त लाज वाटली.

आता चांगलं. मुलगा झाला तेव्हा आम्हा दोघांना मिळून ४८० दिवस रजा. त्यातले ९० दिवस फक्त आईचे, ९० फक्त बापाचे, एकमेकांना देता येत नाहीत. बापाने घेतले नाहीत तर बुडाले. नवऱ्याने आठ महिने घेतले. घरून फोन, "त्याची नोकरी गेली का गं? खरं सांग." मी सांगून दमले की त्याच्या साहेबानेही घेतली होती. मी कामावरून येताना बालकेंद्रात डोकवायचे तर निम्मे बाप. कुणी लंगोट बदलतंय, कुणी बाळाला छातीशी बांधून उभ्याने डुलतंय. माझा नवरा आधी मदत करायचा. त्या आठ महिन्यांनंतर तो मदत करेनासा झाला, कारण मूल त्याचंही आहे हे त्याच्या अंगात मुरलं. तापात औषधाचा डोस किती, हे आता मी त्याला विचारते.

हे एका रात्रीत आलेलं नाही. १९७१ मध्ये नवरा-बायकोचा कर वेगवेगळा केला, त्यामुळे बायकोच्या पगारावर नवऱ्याच्या पगाराच्या दराने कर बसायचं थांबलं. १९७४ मध्ये बाळंतपणाची रजा आईबाप दोघांची केली. तरी वीसेक वर्षं बाप रजा घेतच नव्हते. १९९५ पासून महिनाभर बापासाठी राखून ठेवला, तेव्हा घ्यायला लागले.

सह्यकडा
"मदत करेनासा झाला" हे दोनदा वाचलं, तेव्हा कळलं.

निशिगंध
जपानबद्दल मी सांगते, पाच वर्षं होते तिथे.

रात्री साडेअकराच्या गाडीने एकटी परत यायचे, कानात गाणी, कधी मागे वळून बघितलं नाही. सह्यकडा यांच्या मापाने जपान पहिला येईल. पण सकाळच्या गर्दीत त्याच गाडीला बायकांसाठी वेगळा डबा असतो, कारण गर्दीत अंगाला हात लावणारे असतात. तिथल्या मोबाइलच्या कॅमेऱ्याचा आवाज बंदच करता येत नाही, कारण चोरून फोटो काढतात. मी नवीन फोन घेतला तेव्हा विक्रेत्याला विचारलं, आवाज बंद कसा करू? तो गडबडला, मग एका सहकारी मुलीने कारण सांगितलं.

२०१८ मध्ये उघड झालं की तोक्योतलं एक वैद्यकीय विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत मुलींचे गुण मुद्दाम कमी करत होतं, वर्षानुवर्षं. बायका पुढे मुलं झाल्यावर काम सोडतात म्हणून! चौकशीत आणखीही विद्यापीठं निघाली. लग्नानंतर नवरा-बायकोचं आडनाव एकच असलं पाहिजे हा कायदा आहे. कुणाचंही चालतं, पण बदलतात ९५ टक्के बायका. माझ्या मैत्रिणीचे सगळे शोधनिबंध माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या. प्रत्येक परिषदेत दोन्ही एकच बाई आहे हे पटवायचं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये साने ताकाइची जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, आणि वेगळ्या आडनावाच्या कायद्याला त्यांचाच विरोध आहे.

बापांची रजा जपानमध्ये कागदावर वर्षभराची. माझ्या विभागात पाच वर्षांत तीन जण बाप झाले, सर्वांत जास्त रजा पाच दिवस.

बदलही होतोय. २०२३ मध्ये संमतीचं वय १३ वरून १६ केलं, बलात्काराची व्याख्या सुधारली. त्यामागे अत्याचार सोसलेल्या बायकांनी हातात फुलं घेऊन उभं राहून केलेली निदर्शनं होती.

आजोबा७१
पंतप्रधानांचा विषय निघाला म्हणून. जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान श्रीलंकेच्या सिरिमावो बंदरनायके, १९६०. मग १९६६ ला इंदिरा गांधी. अमेरिकेत अजून बाई राष्ट्राध्यक्ष नाही.

पाऊलवाट
खरंय काका. आणि बांगलादेशात १९९१ पासून २०२४ पर्यंत जवळजवळ सगळा काळ बाईच पंतप्रधान होती. वरच्या खुर्चीवरच्या एका बाईवरून मी काही ठरवणार नाही. त्यापेक्षा ग्रामपंचायतीतली एक तृतीयांश जागांची तरतूद मला मोठी वाटते. १९९३ पासून लाखो बायका पहिल्यांदा गावच्या बैठकीत खुर्चीवर बसल्या. पहिल्या वर्षांत नवरेच कारभार करायचे हे खरं, पण सह्या करता करता कागद वाचायला शिकलेल्या बायका मी बघितल्यात.

मुसाफिर
निंबोणी, भाचीने दोनच देश विचारले होते, तुम्ही आम्हाला व्हिसा न काढता निम्मं जग फिरवून आणलंत. :)

रात्रपाळी
एक राहून गेलं. आपण "त्या देशातली बाई" म्हणतो तेव्हा कुठली बाई? सौदीत ज्या घरांत आम्ही ओळखीने जायचो तिथे दोन बायका असायच्या. एक घराची मालकीण, एक घरकामाला आणलेली. २०१९ नंतर मालकीण हवं तेव्हा विमानात बसू शकत होती. दुसरीचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात, कुलूप लावून. एकदा ती माझा हात धरून कुजबुजली, ताई, माझ्या आईला कळवाल का, की मी बरी आहे? नंबर तळहातावर पेनने लिहिलेला होता, घामाने अर्धा पुसलेला. मी तो तीन वेळा वेगवेगळे आकडे लावून फिरवला. तिसऱ्यांदा लागला.

दगडफूल
रात्रपाळी, यावर काय लिहावं कळत नाही.

आणखी एक सांगायचं होतं, यादी म्हणजे त्या वर्षीचा फोटो. अफगाणिस्तानात १९६४ च्या राज्यघटनेने बायकांना मताचा हक्क दिला होता. आज तिथे सहावीनंतर मुलींना शाळा बंद आहे, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठंही. स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या युरोपच्या करारावर २०११ मध्ये इस्तंबूलला सह्या झाल्या, त्याचं नावच इस्तंबूल करार. २०२१ मध्ये तुर्कस्तान त्यातून बाहेर पडला. अमेरिकेत गर्भपाताचा पन्नासेक वर्षांचा घटनात्मक हक्क जून २०२२ मध्ये गेला. मिळालेलं परत घेता येतं.

कवडसा
पण उलटंही घडतं ना. आइसलंड आज पहिला, तो १९७५ मध्ये कुठे होता? २४ ऑक्टोबरला तिथल्या ९० टक्के बायकांनी काम बंद ठेवलं. कचेरीतलं आणि घरातलंही. शाळा बंद, मासळीचे कारखाने बंद. बाप पोरांना कडेवर घेऊन कामावर गेले. रेडिओवर बातम्या देणाऱ्याच्या मागून पोरांचे आवाज ऐकू येत होते. पाच वर्षांत विगदिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या आणि सोळा वर्षं राहिल्या. तरी २०२३ च्या त्याच तारखेला बायका पुन्हा संपावर गेल्या आणि पंतप्रधान कात्रीन याकोब्सदोत्तिरही त्यात सामील झाल्या. पहिला नंबर मिळूनही.

सह्यकडा
दोन दिवस गप्प होतो, कारण एक प्रयोग करत होतो. पाऊलवाट यांचं वाचून आपल्या सरकारचं २०१९ चं वेळवापर सर्वेक्षण शोधलं. घरकामात बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाचे ९७, तेही घरकाम करणाऱ्या पुरुषांचे. मी फोनवर घड्याळ लावून स्वतःचं मोजलं. शनिवारी ४१ मिनिटं, रविवारी ५५. बायकोचं मोजायला गेलो आणि अडकलो. ती भाजी निवडताना मुलीचा अभ्यास घेत होती, त्याच वेळी माझ्या आईच्या गोळ्या संपत आल्यात हे तिने सांगितलं. हे कुठल्या रकान्यात लिहू?

वर मी म्हटलं होतं, मुली सुखरूप घरी आल्या पाहिजेत. ते माप अजूनही सोडत नाही. पण त्या ज्या घरी येतील तिथे कोण किती वाजता बसतो, हेही आता बघतोय. आजपासून आईच्या गोळ्या माझ्याकडे.

मोरपिसारा
सह्यकडा, गोळ्या संपायच्या चार दिवस आधी आणायच्या हं. लक्षात ठेवणं हेच मोठं काम असतं.

निंबोणी
सगळ्यांचे खूप खूप आभार. काल भाचीला पूर्ण धागा वाचायला दिला. तिने तासाभराने फोन केला. म्हणाली, मावशी, दोन्हीकडे विद्यार्थी व्हिसा माझ्या स्वतःच्या नावावर आहे, कुणावर लटकलेला नाही, हे आधी तपासलं. दोन्ही विद्यापीठांना पत्रही लिहिलंय. मार्गदर्शकाविरुद्ध तक्रार करायची वेळ आली तर ती कुणाकडे जाते आणि तोवर माझं काम कोण बघतं, असं विचारलंय. एकाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, माणसाच्या नावानिशी. दुसऱ्याने माहितीपुस्तिका पाठवली. कुठलं कुठलं ते सांगत नाही, म्हणजे त्यावरून वाद नको.

अजून ठरलेलं नाही. तिला दोन्हीकडच्या मुलींशी बोलायचंय, नंबर बघून ठरवायचं नाही म्हणते. आणि आडनावाचं वाचून खूप हसली. म्हणाली, लग्नाचं कुणी विचारलेलं नाही अजून!

उत्तरवारा
निंबोणीताई, माझा नंबर खासगी निरोपातून पाठवलाय. तिला म्हणावं रात्री आठनंतर कधीही फोन कर, त्या वेळी पोराला झोपवायची पाळी नवऱ्याची असते.

निशिगंध
माझाही पाठवते. माझी ती दोन नावांची मैत्रीण अजून तोक्योतच आहे, तिच्याशीही जोडून देते.